नऊ प्रश्न आणि एक सातबारा

सोयाबीन सोंगायचे दिवस होते. अमरावती जिल्ह्यातल्या त्या गावाचं नाव देत नाही. तीन-चारशे उंबऱ्यांच्या गावाचं नाव छापलं की माणूस ओळखू येतो. दुपारी दोन वाजता गावात म्हातारी माणसं, कोंबड्या आणि शाळा चुकवलेली पोरं एवढीच उरलेली, बाकी सगळे वावरात. अशा वेळी एका घरात चाळिशीचा धडधाकट गडी खाटेवर आडवा पडलेला. आशाताई, म्हणजे घरोघर जाऊन आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशा स्वयंसेविका, ओट्यावर टेकल्या. पाणी मागितलं. धाकट्या पोरीच्या लसीची तारीख सांगितली, मग म्हशीची चौकशी केली, मग म्हातारीच्या बीपीच्या गोळ्यांची. खाटेकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. बऱ्याच वेळानं, सहज आठवल्यासारखं त्या म्हणाल्या, "भाऊ, राती झोप लागते का?"

"झोप कायची ताई. दोन वाजले का डोये उघडते. मंग उजाडेपर्यंत आढं पाहत पडतो."

"जागलीले जाता का?"

"पहिले जाऊ. आता नाई जात. कायले जाऊ?"

हे शेवटचं 'कायले जाऊ' ऐकलं आणि आशाताईंनी पिशवीतला कागद बाहेर काढला.

संपादकांनी या अंकाचा विषय दिला तो 'कोण ऐकतं?' असा. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर मराठीत कथा, कविता, अहवाल, अग्रलेख सगळं लिहून झालं आहे, आणि त्यातलं बरंचसं माणूस गेल्यावरचं आहे. मला जिवंत माणसांच्या घरी कोण जातं, जाऊन काय विचारतं आणि उत्तर मिळाल्यावर पुढे काय होतं, ते पाहायचं होतं. आकडा एकदाच सांगून टाकतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या हिशेबानं २०२२ साली देशात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० माणसांनी जीव दिला, त्यांतली ४,२४८ महाराष्ट्रातली. देशभरच्या त्या आकड्यात ६,०८३ जण शेतमजूर होते. म्हणजे आपण 'शेतकरी आत्महत्या' म्हणतो तेव्हा निम्म्याहून अधिक माणसांच्या नावावर सातबारा नसतोच.

झोप, भूक आणि रानडुक्कर

आशाताईंच्या हातातल्या कागदावर नऊ प्रश्न असतात. उदासीचा अंदाज घेण्यासाठी जगभर वापरली जाणारी ही यादी. गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागलं नाही असं किती दिवस झालं? उदास, हताश वाटलं? झोप? थकवा? भूक? स्वतःविषयी वाईट वाटणं, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा उगाच अस्वस्थ होणं, आणि शेवटी मरणाचे विचार. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. बेरीज दहा किंवा त्याच्या पुढे गेली की माणसाला डॉक्टरकडे न्यायचं.

कागदावर सोपं आहे. गावात प्रत्येक प्रश्नाला शेती आडवी येते. झोप लागत नाही म्हणणारा माणूस उदास असेल, किंवा रात्रभर मचाणावर बसून रोही आणि रानडुकरं हाकलत असेल. विदर्भात जागल करणं हे शेतीचंच काम आहे. पीक दाण्यावर आलं की घरातला एक तरी माणूस रात्री वावरात. शिवाय पंपाची वीज रात्रीची असेल तर ओलितवाल्याची झोप महावितरणच्या वेळापत्रकावर चालते. थकव्याचं विचारावं तर वेचणीच्या दिवसांत न थकलेली बाई गावात सापडायची नाही. भुकेचं विचारावं तर नवरात्राचे उपास. म्हणून जाणती आशा प्रश्न वाचून दाखवत नाही. ती 'पहिल्यापेक्षा' काय बदललं ते विचारते. जागलीला जाणं बंद झालं, पोळ्याला बैल सजवला नाही, भजनात बसणारा माणूस देवळाच्या मागून जायला लागला, दाढी वाढली, कृषी केंद्रासमोरून जायचं टाळण्यासाठी लांबचा रस्ता धरला. गुण या बदलांना द्यायचे असतात.

नववा प्रश्न सगळ्यांत अवघड. प्रशिक्षणात त्यावरच जास्त वेळ जातो, कारण विचारणाऱ्यालाच भीती वाटते. 'आपण विचारलं आणि त्याच्या डोक्यात भरलं तर?' ही समजूत गावात आहे तशी शिकलेल्या शहरी घरांतही आहे. ती खरी नाही. मरणाविषयी सरळ, न घाबरता विचारल्यानं तो विचार पेरला जात नाही. आधीपासून असेल तर माणूस मोकळा होतो. आशाताई तो प्रश्न कसा विचारतात? "भाऊ, असं वाटते का कधी का आपण नसतो तर बरं झालं असतं?" एवढं बोलून त्या गप्प बसतात. ही गप्प बसण्याची कला कुठल्या पुस्तिकेतून शिकवता येत असेल असं मला वाटत नाही. शांतता असह्य होऊन मीच काहीतरी बोलणार होतो; त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं त्यानं जिभेला कुलूप लागलं.

छातीत धडधड

'मला नैराश्य आलंय' असं कोणी म्हणत नाही. डोकं जड पडतं, छातीत धडधड होते, हातापायाला मुंग्या येतात, अंगात त्राण नाही, जिवाला घोर लागलाय, करमत नाही. 'टेन्शन' हा शब्द मात्र सगळ्यांनी आपला मानला आहे, कारण त्यात वेडाचा वास नाही. या तक्रारी घेऊन माणूस जातो तो तालुक्याच्या रस्त्यावरच्या डॉक्टरकडे. तिथे सलाईन लागते. सलाईन लावून दोन तास पडून राहिलं की बरं वाटतंही: कोणीतरी विचारपूस करतं, बायको उशाशी बसते, आणि दोन तास फोन वाजत नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा सलाईन. पैसे जातात ते वेगळे.

मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोचणं ही निराळीच वारी. देशात एक लाख माणसांमागे एक पुरता मानसोपचारतज्ज्ञ नाही, आणि आहेत ते शहरांत. महाराष्ट्रात सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं वर्षानुवर्षं चारच: ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. नकाशा समोर धरा. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांच्या वाट्याला त्यांतलं एकही आलं नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक असं पथक असतं, औषधं फुकट मिळतात. पण औषधाचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यात तोंड कोरडं पडणं, झोप चढणं, मळमळ हेच आधी जाणवतं. सोंगणीच्या हंगामात गोळीनं झोप चढते म्हटल्यावर ती गोळी कोनाड्यात जाते. ज्यांना गुण येतो तेही बरं वाटल्याबरोबर थांबतात. एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज धरला तर फुकटची गोळीही फुकट राहत नाही.

त्यामुळे सगळा भार येऊन पडतो तो दारात येणाऱ्या माणसावर. राज्यात सुमारे सत्तर हजार आशा आहेत. सरकारनं २०१५ साली मराठवाड्यातले आठ आणि विदर्भातले सहा अशा चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' काढला, तोही त्यांच्याच भरवशावर: घरोघर जायचं, ताणाखाली असलेली माणसं हेरायची, समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडे पाठवायची. कल्पना अगदी योग्य होती. पण लसीकरण, गरोदर बाया, क्षयरोग, कुष्ठरोग, हत्तीरोगाच्या गोळ्या आणि दर वर्षी येणारं एखादं नवं सर्वेक्षण या गर्दीत मनाचा कागद पिशवीच्या तळाशी जातो. मी पाहिलेल्या आशाताई स्वभावानंच चौकस होत्या. सगळ्या तशा नसतात, आणि नसल्या तर त्यांना दोष देता येत नाही.

नवं-जुनं

शेतकऱ्याच्या मनाचं कॅलेंडर समजून घ्यायचं तर बँकेचं कॅलेंडर पाहावं लागतं. जूनमध्ये बी-बियाणं, खत आणि पोरांच्या शाळेचा प्रवेश एकाच आठवड्यात येतात. जुलैत पावसानं डोळे वटारले की दुबार पेरणी. भाद्रपदात बोंडअळी किंवा सोयाबीनवरचा पिवळा मोझॅक. दिवाळीच्या तोंडावर सगळेच माल विकायला काढतात म्हणून भाव पडलेला. आणि मग मार्च.

मार्चमध्ये 'नवं-जुनं' करायचं असतं. पीककर्ज ३१ मार्चच्या आत फेडलं तर तीन लाखांपर्यंत व्याज लागत नाही, आणि फेडलं की बँक नवं कर्ज देते. कागदावर उत्तम योजना. प्रत्यक्षात फेडायला हातात पैसा नसतो. मग आठ-पंधरा दिवसांसाठी कोणाकडून तरी रक्कम उचलायची, बँकेत भरायची, नवं कर्ज मंजूर झालं की ती परत करायची. त्या पंधरवड्याचं व्याज बँकेच्या सगळ्या सवलती गिळून टाकतं. मंजुरी लांबली तर पंधरवड्याचा महिना होतो. आणि एखाद्या वर्षी ही कसरत जमली नाही की खातं थकीत. थकीत झालं की बँकेचा दरवाजा बंद. पुढे कृषी केंद्राची उधारी, बायकोचे दागिने, सावकार.

आता त्यात एक नवी भर पडली आहे. बाईच्या नावावर गटाचं कर्ज देणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपन्या. हप्ता आठवड्याला किंवा पंधरा दिवसांनी. पावसाचा, पिकाचा त्याच्याशी संबंध नाही. एकीनं हप्ता चुकवला तर गटातल्या बाकीच्यांनी भरायचा. वसुलीवाला एकटा येत नाही, शेजारणींना घेऊन ओट्यावर बसतो. सावकाराची लाज पुरुषाला वाटायची, ही लाज बाईच्या वाट्याला आली. जिच्याबरोबर रोज वेचणीला जायचं तिच्याचसमोर तोंड चुकवायचं. या घरांत नऊ प्रश्न पुरुषाला विचारले जातात. बेरीज बऱ्याचदा बाईची जास्त निघेल असा माझा अंदाज आहे.

अर्थतज्ज्ञ श्रीजित मिश्रा यांनी २००६ साली पश्चिम विदर्भातल्या आत्महत्या झालेल्या १११ घरांचा अभ्यास केला होता. त्यांतल्या ८७ टक्के घरांत कर्ज होतं. हे अपेक्षितच. पण ५५ टक्के घरांत घरातल्यांशी भांडणं होती, ३४ टक्के घरांवर बहिणीच्या किंवा मुलीच्या लग्नाचा भार होता, आणि २६ टक्के घरांनी सांगितलं की माणसाचं वागणं आधीच बदललं होतं. कारणं एकटी येत नाहीत, एकमेकींना ओढत आणतात. हा शेवटचा आकडा मला सगळ्यांत जास्त छळतो. चारातल्या एका घरानं ते पाहिलं होतं. पाहिल्यावर कोणाला सांगायचं हे त्यांना माहीत नव्हतं.

'भाव द्या, समुपदेशन कायले?'

चहाच्या टपरीवर शेतकरी संघटनेचा एक जुना कार्यकर्ता भेटला. छातीवर बिल्ला अजून होता. मी कशासाठी आलोय ते ऐकून त्यानं कप खाली ठेवला. "म्हंजे लुटायचं तुमी आन डोकं तपासायचं आमचं? सोयाबीनले भाव द्या. समुपदेशन कायले पाह्यजे?"

त्याचं म्हणणं झटकून टाकता येत नाही. २०२१च्या ऑगस्टात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं होतं. तो भाव पाहून लोकांनी पेरा वाढवला, आणि पुढे तो अर्ध्याहून खाली आला. २०२४-२५च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजार समितीत त्याच्याही खाली सौदे होत होते. बियाणं, फवारणी, मजुरी आणि मळणी यांतलं काही अर्ध्यावर आलं नाही. अशा माणसाला श्वासाचे व्यायाम शिकवणारी शिबिरं भरवली जातात तेव्हा मलाही लाज वाटते. दुःखाचं कारण बाहेर आहे आणि औषध आत शोधायला सांगायचं, यात एक क्रूरपणा आहे.

पण तरी त्याच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग मला मान्य नाही. त्याच गावात, त्याच भावानं, तेवढंच कर्ज असलेली बाकीची माणसं तग धरतात. उदासी आली की माणूस वाटाघाटी करायची ताकद हरवतो: बँकेत जात नाही, विम्याची तक्रार वेळेत नोंदवत नाही, मेव्हण्याचा फोन उचलत नाही. म्हणजे जी दोन-चार दारं उघडी असतात तीही त्याच्यापुरती बंद होतात. भाव मिळेपर्यंत माणूस टिकला पाहिजे. मी हे बोललो. तो म्हणाला, "ते खरं हाय. पण पहिले भाव." मग त्यानं चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

गावातलीच माणसं

याच अमरावती जिल्ह्यात गेल्या दशकात एक प्रयोग झाला, त्याचं नाव 'विश्राम'. तीसेक गावं. गावातल्याच माणसांना शिकवून समुपदेशक केलं, छोट्या छोट्या बैठका घेऊन ताण म्हणजे काय हे लोकांच्या भाषेत सांगितलं, आणि गरज असेल त्यालाच मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं. आधी उदासीच्या आजारातल्या शंभरांतल्या जेमतेम चौघांना कसली तरी मदत मिळत होती: ४.३ टक्के. दीड वर्षानं ते प्रमाण २७.२ टक्के झालं. वर्षभरात मरणाचे विचार आले असं सांगणारे ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त छापून आले. तुलनेसाठी वेगळी गावं घेतलेली नव्हती, तेव्हा सगळं श्रेय या कामालाच देता येणार नाही. पण मदत मिळणारे सहापट झाले ही गोष्ट छोटी नाही.

या समुपदेशनात करतात तरी काय? गोव्यातल्या 'संगाथ' संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत वापरलेली पद्धत शेतकरी माणसाला सगळ्यांत जास्त पटेल अशी मला वाटली. सहा ते आठ भेटी. बालपणात खोल शिरायचं नाही, स्वप्नांचे अर्थ लावायचे नाहीत. उदास माणूस कामं सोडतो, कामं सोडल्यानं आणखी उदास होतो. तर ही साखळी कामाच्या बाजूनं तोडायची. मन लागेल तेव्हा करीन असं न म्हणता करायला घ्यायचं, मन मागून येतं. आधी काय आवडायचं? बैल धुणं. मग उद्या सकाळी बैल धुवायचे, एवढंच. परवा पारावर जाऊन दहा मिनिटं बसायचं. पुढच्या भेटीत विचारायचं, झालं का, कसं वाटलं, काय आडवं आलं. गोव्यातल्या चाचणीत तीन महिन्यांनी, या भेटी मिळालेल्यांतले ६४ टक्के उदासीतून बाहेर आले होते. न मिळालेल्यांतले ३९ टक्के. आणि हे करणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती.

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यातली 'आत्मीयता' मात्र मला याच्या एक पाऊल पुढे वाटते. पुण्याच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्रानं ती तिथे सुरू केली. पुढे गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात मोठी केली. गावातला ज्याच्यावर लोकांचा भरवसा आहे असा माणूस किंवा बाई निवडायची, तिला ऐकायला शिकवायचं, मोबाइलवर छोट्या फिल्म द्यायच्या: बेकारीची, दारूची, घरातल्या मारहाणीची. फिल्म पाहताना लोक पडद्यावरच्या माणसाविषयी बोलतात आणि बोलता बोलता स्वतःविषयी बोलायला लागतात. आणि त्याच माणसानं निराधार पेन्शनचा, रेशनकार्डाचा, घरकुलाचा अर्जही भरून द्यायचा. मला हेच मर्म वाटतं. मनाचं दुखणं आणि तहसीलचं दुखणं ही एकाच घरातली दोन दुखणी आहेत. दोन वेगवेगळ्या खात्यांची दोन वेगवेगळी माणसं दोन वेगवेगळ्या दिवशी आली तर घरातला माणूस दोघांनाही 'सगळं बरं हाय' असंच सांगतो.

पात्र, अपात्र

माणूस जिवंत असताना सरकारकडून येते ती एक आशा, तिच्या सोयीनं. माणूस गेला की तलाठी येतो, पोलीस येतात, कृषी खात्याचा माणूस येतो, तहसीलदार येतात, कधी पुढारी. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे प्रकरण जातं आणि शिक्का पडतो: पात्र किंवा अपात्र. २००६च्या शासन निर्णयानं निकष ठरवून दिले आहेत. कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेचं, सहकारी संस्थेचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं; नापिकीमुळे ते फेडता आलेलं नसावं; आणि परतफेडीचा तगादा असावा. मदत एक लाख रुपये: तीस हजार हातात, सत्तर हजार ठेव म्हणून. परवाना नसलेल्या सावकाराचं, कृषी केंद्राच्या उधारीचं किंवा मेव्हण्याचं कर्ज यात बसत नाही. ठेक्यानं शेती करणारा बसत नाही. बाई शेतात राबत असेल पण सातबारा सासऱ्याच्या नावावर असेल तर तिचं मरण बऱ्याचदा शेतकऱ्याचं धरलं जात नाही.

यातून जे घडतं ते गावात बसल्यावरच कळतं. दुःखात बुडालेल्या घराला पहिल्या आठवड्यात बँकेची नोटीस शोधावी लागते. दारू पीत होता का, घरात भांडण झालं होतं का, हे प्रश्न मदत नाकारण्यासाठी विचारले जातात, म्हणून घर ते लपवतं. जो तपशील पुढच्या माणसाला वाचवायला कामी आला असता तोच पंचनाम्यात येत नाही. आणि मागे राहिलेल्या पोरासोरांना ते नऊ प्रश्न कोणी विचारत नाही. बाप गेलेल्या घरातल्या मुलाला जास्त जपावं लागतं हे सगळ्यांना माहीत आहे. त्यासाठी कुठल्या खात्यात रकाना मात्र नाही.

बाईचं तर आणखी वेगळं. तेराव्यापर्यंत ती रडू शकते, चौदाव्या दिवशी ती कास्तकार होते. जागल तिची, नवं-जुनं तिचं, सासरच्यांशी वाटणीचं भांडण तिचं. महिला किसान अधिकार मंचानं २०१८ साली अशा ५०५ बायांना भेटून पाहणी केली तेव्हा चाळीस टक्के जणींच्या नावावर जमीन झालेली नव्हती. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून पीककर्ज नाही, विमा नाही, अनुदान नाही. ठसठशीत कुंकू लावणाऱ्या बाईला कोणी मुद्दाम टोचून बोलावं, हळदीकुंकवाला बोलावू नये, हे वर आहेच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि सरकारनं तो इतर गावांपुढे ठेवला. यवतमाळकडच्या एका बाईला मी याविषयी विचारलं. ती म्हणाली, "कुंकवाचं पाहू मंग. पहिले फेरफार होऊ द्या." तिला गोळ्या चालू होत्या, सातबाऱ्यावर नाव लागलं त्या महिन्यापासून झोप लागायला लागली असं तिनंच सांगितलं. डॉक्टर म्हणतील गोळ्यांचा गुण. असेलही.

फोन उचलणारं माणूस

१० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा चालू आहे. १४४१६ हा क्रमांक, चोवीस तास, फुकट, मराठीतही. पलीकडे शिकलेला समुपदेशक असतो. गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाला जोडून देतात. राज्याचा आरोग्य सल्ल्याचा १०४ हा क्रमांकही आहे. हे क्रमांक पाठ असलेले लोक मला गावात फार भेटले नाहीत. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पाणीपट्टी थकलेल्यांची यादी आहे, हा नंबर नाही. तिथे तो रंगवायला किती खर्च येईल?

आणखी एक भीती पोलिसांची. जीव द्यायचा प्रयत्न हा गुन्हा आहे असंच गावात समजतात, म्हणून वाचलेल्या माणसाला घेऊन घरचे सरकारी दवाखान्यात जायला कचरतात, किंवा 'चुकून झालं' सांगतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नं हे बदललं: असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, उलट उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. हा कायदा पोलीस पाटलालाच सांगावा लागला, मी बसलो होतो त्या ओट्यावर. त्यानं तो शांतपणे ऐकून घेतला आणि वहीत कलमाचा आकडा लिहून घेतला.

तेलंगणात विकाराबाद जिल्ह्यातून 'किसान मित्र' नावाची हेल्पलाइन २०१७ साली निघाली. तिचं वेगळेपण असं की फोन करणारा उदासीविषयी बोलतच नाही; तो पासबुकाविषयी, विम्याविषयी, पटवाऱ्यानं अडवलेल्या कागदाविषयी बोलतो. ऐकणारा ते टिपून घेतो, संबंधित कार्यालयाकडे पाठवतो आणि पाठपुरावा करतो. बोलण्यातून माणूस फार खचलाय असं वाटलं तर मनाकडे वळतो. कागदाच्या निमित्तानं फोन करायला पुरुषाला लाज वाटत नाही. आपल्याकडे टेलिमानसचा माणूस ऐकून घेईल, धीर देईल, पण फेरफार का अडला हे तो तहसीलदाराला विचारू शकत नाही. ती तार जोडायचं काम कुठल्याच खात्याचं नाही.

निघताना आशाताईंना विचारलं, तुम्हाला यासाठी आणखी कसलं प्रशिक्षण हवं आहे. त्या हसल्या. "ट्रेनिंग लय झाले सर. नाश्ता बी देते तिथं. आमाले बँकेतला एक माणूस द्या, आमचा फोन उचलणारा. मी त्या घरी जाऊन विचारते, तो बोलते, मंग म्हणते, ताई, आता पुढं काय? पुढचं माह्याकडं काईच नाई." मग थोडं थांबून, "आन मोबदला टायमावर." २०२३च्या दिवाळीच्या तोंडावर आणि पुन्हा २०२४च्या सुरुवातीला राज्यातल्या आशा संपावर होत्या, त्या याच मोबदल्यासाठी. मी गेलो तेव्हा या आशाताईंच्या पिशवीत मनाच्या कागदाखेरीज आणखी तीन सर्वेक्षणं होती आणि मोबाइलचा रिचार्ज त्यांनी स्वतःच्या पैशानं मारला होता.